रंजनाचं पांघरूण आणि फागीचा नारळ

जव्हारला एसटी डेपोच्या मागच्या आळीत रंजना महाले राहते. नवरा हेमंत डेपोत कंट्रोलर आणि ती स्वतः एका शाळेच्या ऑफिसात क्लार्क. आवाज चढवणं तिला कधी जमलंच नाही. भाजीवालीनं सडके टोमॅटो पिशवीत घातले तर ती घरी येऊन हेमंतवर चिडणार, भाजीवालीपुढे मात्र एक शब्द काढणार नाही. अशा बाईला गेल्या मार्चमध्ये असा काही राग आला की तिनं रजा टाकली, मोखाड्याची एसटी पकडली आणि एका भल्या माणसाच्या ऑफिसात जाऊन दार उघडं ठेवून ओरडली. तिचा राग रास्त होता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर 'एका पांघरुणासाठी एवढं?' असं विचारणारे आपल्यात कमी नाहीत.

क्रोशाची सुई तिच्या हातात आली ती शाळेच्या वसतिगृहात असताना. तेव्हापासून ती विणतेच आहे. पण काय विणलं आणि कुणासाठी, ते ऐका. मोठ्या जावेच्या दाराला तोरण. नणंदेच्या टीव्हीवर टाकायला जाळीदार रुमाल, आणि टीव्ही भिंतीला टांगायची पद्धत आल्यावर 'आता हा कुठे घालू गं?' म्हणून नणंदेचा फोन. शाळेतल्या झाडून सगळ्या बायकांच्या नातवंडांना टोपडी आणि मोजे. फ्रिजच्या मुठीला झबलं. हो, फ्रिजच्या मुठीलाही लोक झबलं घालतात, आणि तेही कुणाला तरी विणावं लागतं. 'रंजनाताई, तुमचा हात काय सुंदर चालतो हो!' असं कुणी म्हटलं की पुढचं वाक्य 'तर माझं एवढं...' असं येणार हे तिला पाठ झालं होतं. तिच्या स्वतःच्या घरात मात्र तिच्या हातची एक वस्तू टिकलेली नव्हती. जे विणलं ते कुणाला तरी आवडलं, आणि जे आवडलं ते गेलं.

मग तिला मोबाईलवर चौकोनांचं पांघरूण दिसलं. तिकडे त्याला ग्रॅनी स्क्वेअर म्हणतात. रंजना नुसतं चौकोन म्हणते. मधोमध साखळीचं एवढंसं कडं घालायचं, त्यात तीन-तीन खांबांचे, म्हणजे उभ्या लांब टाक्यांचे, झुबके, चार बाजूंना चार कोपरे, की झाली पहिली फेरी. दुसऱ्या फेरीला दुसरा रंग, तिसरीला तिसरा, आणि शेवटची फेरी काळी. असे चौकोन साठवत जायचं आणि पुरेसे झाले की एकमेकांना जोडून टाकायचे.

यातलं सुख विणणारीलाच कळतं. मोठा रुमाल विणायचा तर टाके मोजावे लागतात; मध्येच कुणी 'चहा टाकतेस का?' म्हणालं की मोजणं चुकलं. चौकोनात तसं नाही. कोपरा कुठे आला ते बोटांनाच कळतं. तो पर्समध्ये मावतो, बसची वाट बघता बघता पुरा होतो, वीज गेली तरी अडत नाही. आणि दर फेरीला रंग नवा, त्यामुळे हातातलं शेवटी कसं दिसणार हे विणणारीलाही ठाऊक नसतं. एकदा डेपोच्या बाकावर तिनं पिवळ्याला लागून जांभळा घेतला आणि दोन्ही रंग असे काही उजळले की ती एकटीच हसली. समोरच्या कंडक्टरला वाटलं, आपल्यालाच हसल्या मॅडम. तो बिचारा दोन दिवस केस विंचरून येत होता. जव्हारात लोकर मिळायची ती लाल, पांढरी, नाहीतर बाळांची फिकट गुलाबी. म्हणून नाशिकला गेली की ती बाकीचे रंग पिशवी भरून आणायची आणि येताना बसमध्येच पिशवीत हात घालून बसायची.

'कुणासाठी हो हे?' असं जो तो विचारी.

'माझ्यासाठी,' रंजना सांगे.

यावर लोक हसत आणि पुन्हा विचारत, 'नाही, पण खरं कुणासाठी?' जावेनं तर ठरवूनच टाकलं की मुलीच्या लग्नाची तयारी चाललेली दिसते. रंजनाची मुलगी तर अजून नाशिकला नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला. बाईनं स्वतःच्या अंगावर घ्यायला काही विणावं, ही गोष्ट कुणाच्या डोक्यात शिरतच नव्हती. आणि जसजशी ती शिरेना, तसतसं रंजनाच्या डोक्यात मात्र ती पक्की बसली. हे जाणार नाही. हे माझं.

दोन हिवाळे लागले. पांघरूण झालं तेव्हा ती त्याखाली झोपली, आणि सकाळी जाग आल्यावर उठायचं सोडून काळ्या चौकटींमधले रंग बघत पडून राहिली. हेमंतनं चहा केला त्या दिवशी. लग्नानंतर पहिल्यांदा असावा.

आता दिपेशचं सांगायला हवं. दिपेश हा गावातल्या हौशी कला मंडळाचा सेक्रेटरी. कुर्ता, जाकीट, हातात सदा दोन मोबाईल. माणूस वाईट नाही, पण कार्यक्रम म्हटलं की त्याला पुढचं-मागचं दिसत नाही. जानेवारीत मंडळानं हस्तकलेचं प्रदर्शन ठरवलं आणि हा दारात हजर.

'ताई, फक्त मांडायला द्या. संध्याकाळी मी स्वतः आणून देतो. तुमच्याशिवाय टेबल भरणार नाही.'

रंजनाला नाही म्हणता आलं नाही. तिनं पांघरुणाला चिठ्ठी तेवढी टाचली, 'विक्रीसाठी नाही' अशी, ठळक अक्षरात. यापेक्षा जास्त काय करणार? 'सत्कारासाठी नाही' असंही लिहावं लागेल हे कुणाच्या स्वप्नात येईल?

कारण आपल्याकडची रीत अशी आहे. कार्यक्रम पाणलोटाचा असो की पाककृतींचा, पहिला तासभर सत्कार. स्वागत करणाऱ्याचा सत्कार, मग सत्कार करणाऱ्याचा सत्कार, मंडपवाला ओळखीचा असेल तर त्याचाही. शाली मोजून आणतात आणि पाहुणे न मोजता येतात. त्या दिवशी सगळ्या शाली संपल्या, सगळे बसले, पहिलं भाषण सुरू झालं आणि तेवढ्यात जिल्ह्याच्या ठिकाणाहून एक बडे साहेब गाडी भरून माणसं घेऊन आले. न बोलावता. दिपेशचा चेहरा उतरला. साहेब मंचावर उभे, हात जोडलेले, मान शालीसाठी किंचित पुढे काढलेली, आणि शाल नाही! दिपेशनं डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. उजवीकडे मंचाला लागूनच प्रदर्शनाचं टेबल होतं.

त्यानं रंजनाचं पांघरूण उचललं, झटकलं, चिठ्ठी खाली पडली, आणि ते साहेबांच्या खांद्यांवर घातलं.

टाळ्या झाल्या. रंजना दुसऱ्या रांगेत होती. तिचे हात टाळ्या वाजवत राहिले. सगळे वाजवत होते ना. साहेब पांघरुणातच भाषणाला उभे राहिले आणि आदिवासी कलेचा हा अस्सल नमुना आपण जपून ठेवू असं म्हणाले. नाशिकच्या लोकरीचा, मोबाईलवर शिकलेला अस्सल नमुना. मग नारळ, गुच्छ आणि पांघरूण गाडीत गेलं, आणि गाडीही गेली.

'ताई, केवढा मान मिळाला तुमच्या कामाला!' दिपेश म्हणाला. त्याला खरंच तसं वाटत होतं, हेच तर संतापजनक.

'मला ते परत हवंय, दिपेश.'

'अहो, सत्कारात घातलेलं कुणी परत मागतं का? मंडळाची काय शोभा राहील? तुम्हाला काय, दुसरं विणा की. तुमचा हात म्हणजे मशीन आहे.'

दुसरं विणा की! ज्यानं जन्मात कधी सुईत दोरा ओवला नाही, त्यानं हे सांगावं. उद्या कुणी त्याचे दोन्ही मोबाईल उचलून पाहुण्याच्या हातात ठेवले आणि 'दुसरे घे की' म्हटलं, तर चालेल? पण हे रंजनाला सुचलं ते रात्री, आणि ते ऐकायला होता फक्त हेमंत.

'जाऊ दे ना,' हेमंत म्हणाला.

रंजनानं जाऊ दिलं नाही. विचारता विचारता मार्च उजाडला, तेव्हा कुठे साहेबांच्या ड्रायव्हरला ओळखणारा एक जण डेपोत निघाला. त्याच्याकडून कळलं की पांघरूण जिल्ह्याच्या गावापर्यंत पोचलंच नाही. वाटेत साहेबांना दुसरा कार्यक्रम होता, निवृत्त हेडमास्तर गावित गुरुजींच्या पंचाहत्तरीचा, आणि तिथे हाताशी काही हवं म्हणून साहेबांनी ते गुरुजींना घालून टाकलं. जपून ठेवू म्हणाले होते, तासभर जपलं.

गावित गुरुजी जव्हारातच राहतात, पंचाहत्तरी तेवढी त्यांच्या मूळ गावी झाली होती. रंजना गेली तेव्हा त्यांनी कौतुकानं कपाट उघडून दाखवलं. शालींची थप्पी वरपर्यंत, सगळ्या प्लास्टिकच्या पिशव्यांत, घड्या न मोडलेल्या. म्हातारा स्वतः बसला होता तो विटक्या सोलापुरी चादरीत.

'या वापरायच्या नसतात, बाई,' गुरुजी म्हणाले. 'पुढे द्यायच्या असतात. तुमचं ते रंगीत होय? त्याला काळा काठ. हिनं घरात ठेवू दिलं नाही. मोखाड्याची संस्था आली होती महिला दिनासाठी शाली मागायला, त्यांना दिलं.'

'ते माझं होतं, गुरुजी.'

'हो का? छान विणता. असंच दुसरं विणा, नातवंडाला होईल.'

घरी येताना रंजनाचे कान तापले होते. चोर परवडला, असं तिला वाटलं. चोर निदान वस्तू हवी म्हणून तरी नेतो. इथे कुणालाच ते नको होतं. साहेबांना नको, गुरुजींना नको, त्यांच्या बायकोला तर घरातही नको. जिला हवं होतं ती एकटी सोडून ते सगळ्यांच्या खांद्यांवरून फिरत होतं, आणि फिरवणारा प्रत्येक जण वर मान मिळाल्याचं सांगत होता.

दुसऱ्या दिवशी तिनं किरकोळ रजा टाकली आणि मोखाड्याच्या एसटीत बसली. राग शांत व्हावा म्हणून चौकोन काढला. पण रागात विणलेला चौकोन आखडतो; कोपरे वर वळले आणि त्याची वाटी झाली. तिनं तो उसवला.

मोखाड्याच्या त्या संस्थेचे संयोजक भोये सर. हसतमुख, टापटीप, समोरच्याला आधी पाणी विचारणारे. त्यांनी मोबाईलवर फोटो दाखवला. मंचावर एक वाळकी म्हातारी, अंगावर रंजनाचं पांघरूण, दोन्ही हातांत नारळ, आणि चेहरा असा की फोटोवाल्याला 'हसा' म्हणून सांगावं लागलं नसणार.

'फागी नाव. सादड्याच्या पाड्यावरची सुईण,' भोये सर म्हणाले. 'आयुष्यभर बाळंतपणं केली, म्हणून सत्कार केला. पण तुम्ही तिच्याकडे परत मागायला जाऊ नका, मॅडम. भारी हट्टी आहे. ती मंचावरून उतरल्यावर आम्हीच मागितलं तर दिलं नाही.'

'तुम्ही परत मागितलं?'

'पुढच्या सत्काराला लागत होतं ना,' ते म्हणाले, अगदी सहज.

सादड्याच्या पाड्याला जीप रस्त्यापर्यंतच जाते, पुढे चढण पायी. रंजना घामाघूम होऊन पोचली तेव्हा अंगणात मोहाची फुलं वाळत पडली होती आणि एक तरुण बाई त्यातला कचरा निवडत होती. ही सोमी, फागीची सून. रंजनाला पाहताच तिनं आत हाक मारली, 'आये, कोन तरी आलाय गो!' आणि आतून फागी बाहेर आली ती मार्चच्या उन्हात, खांद्यांवर ते पांघरूण घेऊन. रंजनानं आपले रंग लांबूनच ओळखले.

'नाय द्यायची,' फागी दारातूनच म्हणाली. 'जा, सांग तुझ्या सायबाला. एकदा घातली ती घातली.'

'मी संस्थेची नाही, आजी.'

'मंग कोन गो तू, बाय?'

'हे मी विणलंय. माझं आहे.'

म्हातारीनं तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. साडी, पर्स, घड्याळ. 'तू? ही तर मशिनीची हाय.'

मशीन! मोखाड्यापलीकडच्या डोंगरावरही तेच. रंजना ओट्यावर बसली, पर्समधून सुई आणि लोकर काढली. साखळी घातली, कडं जोडलं. पहिली फेरी आखडलीच. फागी उभी राहून बघत होती, सोमी सूप टाकून आली, शेजारच्या दोघी-तिघी आल्या. दुसऱ्या फेरीला रंजनानं पोपटी घेतला आणि तिची बोटं सैल पडली. तिसरीला केशरी. केशरी पोपटीवर चढला तशी सोमी 'आयाव!' म्हणाली आणि रंजनाला हसू आलं. मध्ये काही वेळ ती कशासाठी आली होती तेच विसरली. तिच्या आयुष्यात कुणी तिचा चौकोन सुरुवातीपासून शेवटपर्यंत, मध्ये 'तर माझं एवढं' न म्हणता, नुसता बघितला नव्हता. काळी फेरी संपली, तिनं दोरा तोडला आणि चौकोन फागीच्या हातात ठेवला.

फागीनं तो पांघरुणावर ठेवून पाहिला. मग बोट फिरवून पाहिला.

'हाताचीच हाय,' ती म्हणाली. 'मंग तुझी ही सायबाकडं कशी गेली?'

रंजनानं सगळं सांगितलं. दिपेश, साहेब, गुरुजी. ऐकता ऐकता फागीच्या कपाळाला आठ्या पडत गेल्या.

'तू तवा कुठं होतीस?'

'तिथेच. समोर बसले होते.'

'मंग काय केलास?'

'टाळ्या वाजवल्या,' रंजना म्हणाली.

बायका खोखो हसल्या. फागी हसली नाही. 'काय झाला गो तुना? तुझा नेतात नि तू टाळ्या वाजवतेस?'

'चार माणसांत कसं बोलणार, आजी?'

'मी बोलली. चार मानसांतच बोलली.'

आणि मग फागीनं तिची गोष्ट सांगितली. तिला सकाळपासून उपाशी बसवून ठेवलं होतं, दुपार टळल्यावर मंचावर नेलं. खांद्यांवर हे घातलं, हातात नारळ दिला. फोटो काढला. पायऱ्या उतरली तर तिथे एक माणूस उभाच होता. त्यानं हातातला नारळ काढून घेतला, कारण नारळ कमी पडले होते आणि पुढच्या बाईला द्यायचा होता. मग पांघरुणालाही हात घातला. फागीनं त्याच्या हातावर फटका मारला आणि पांघरूण छातीशी धरून चालत सुटली ती थेट जीपपर्यंत.

'पन नारळ गेला,' फागी म्हणाली. 'मी पाड्यावर सांगून गेलती, नारळ आनीन. सगळ्यांना त्याचा तुकडा देन. हात हालवत आली. शेजारचा सुकऱ्या म्हनतो, म्हातारीचा कसला सत्कार, नुसती मोखाड्याला फिरून आली. म्हनून मी ही घालून बसते. कोन पन आला का घालते.'

एवढे दिवस रंजनाला वाटत होतं की अन्याय तिच्या एकटीवर झालाय. या म्हातारीनं निम्म्या तालुक्याची पोरं आपल्या हातांवर झेलली, तिला बोलावून नेलं, बसवलं, मिरवलं, आणि खाली उतरताच हातातला नारळ काढून घेतला! साहेबाच्या हातातला काढला असता? गुरुजींच्या? दिपेशनं निदान वस्तू घाईगडबडीत उचलली. इथे तर माणूस पायरीवर हात पसरून उभाच केला होता.

फागीनं पांघरूण अंगावरून काढलं, नीट घडी घातली आणि रंजनापुढे धरलं. 'घे बाय. तुझी तुना.'

ज्यासाठी तिनं पायपीट केली होती ते समोर होतं, आणि देणारी एकही अट घालत नव्हती. आत्तापर्यंत ज्यांच्या ज्यांच्या हातातून ते गेलं, त्यांपैकी परत देऊ करणारी ही पहिली. आणि हे दिलं की तिच्याकडे दाखवायला काही उरणार नव्हतं. रंजनानं घडीवर हात ठेवला, पण उचलली नाही.

'मी येईपर्यंत तुमच्याकडेच राहू दे,' ती म्हणाली आणि उठली.

मोखाड्याला पोचेपर्यंत तिचा राग थंड व्हायला हवा होता. जीपमध्ये दाटीवाटीनं बसून, मांडीवर दुसऱ्याची कोंबडी घेऊन माणसाचा राग सहसा टिकत नाही. तिचा टिकला. भोये सरांच्या ऑफिसात सात-आठ माणसं कामांसाठी बसली होती. रंजना आत शिरली आणि दार तिनं मुद्दाम उघडं ठेवलं.

'फागीबाईंचा नारळ द्या.'

'कसला नारळ, मॅडम?'

'तुम्ही मंचावर दिलात आणि पायरीवर काढून घेतलात तो.'

बाकावरच्या माणसांनी माना वळवल्या. भोये सर हसले. 'अहो मॅडम, एका नारळाचं काय एवढं?'

'तेच विचारतेय!' रंजना ओरडली. तिचा आवाज तिच्याच कानाला अनोळखी वाटला, पण आता तो थांबणार नव्हता. 'एका नारळाचं काय एवढं होतं, तर घेतलात कशाला? म्हातारीला सकाळपासून उपाशी बसवलंत, फोटो काढलात, तो मोबाईलमध्ये घेऊन जगाला दाखवताय, आणि तिच्या हातातला नारळ? सत्कार केलात की नारळ भाड्यानं दिला होतात? आणि अंगावर घातलंत तेही माझं! मी विणलेलं! माझ्यासाठी विणलेलं! कुणाला विचारलंत?'

'हळू बोला ना, मॅडम. लोक आहेत.'

'लोक आहेत म्हणूनच बोलतेय.'

भोये सरांनी खिशात हात घातला. बाजारातून चांगलासा घेऊन जा, म्हणाले.

'मी नाही नेणार. तुम्ही दिला होतात, तुम्हीच द्यायचा. सगळ्यांसमोर घेतलात, सगळ्यांसमोर द्या.' आणि ती समोरच्या खुर्चीवर बसली. उठायचा तिचा काही विचार दिसत नव्हता. बाकावरच्या एका म्हाताऱ्यानं घसा खाकरला आणि 'बाई बराबर बोलते' असं म्हणाला. मग दुसरा बोलला. भोये सरांनी घड्याळ पाहिलं, माणसं पाहिली, आणि गाडीची किल्ली उचलली.

पाड्यावर पोचेस्तोवर सूर्य डोंगराला टेकला होता. गाडीचा आवाज ऐकून फागी पांघरूण लपेटून अंगणात उभीच होती, आणि तिच्यामागे सगळा पाडा. तो सुकऱ्याही होता. भोये सर चढण चढून धापा टाकत आले. हातात नारळ होता. शेंडीचा, मोठा, रंजनानं दुकानात हलवून पाणी वाजवून घेतलेला. त्यांनी दम घेतला, चेहऱ्यावर हसू आणलं, चार माणसं जमलेली बघून त्यांना बरंही वाटलं असावं. त्यांनी दोन्ही हातांनी नारळ फागीच्या हातांत दिला, घसा साफ केला आणि सुरुवात केली, 'आज या ठिकाणी...'

फागी थांबली नाही. तिनं नारळ घेतला, शेंडी सोलली, अंगणातल्या पाट्यापाशी गेली आणि एका फटक्यात फोडला. पाणी सोमीच्या तांब्यात गेलं.

'आता घे परत,' फागी म्हणाली.

अंगण हसलं. सुकऱ्या सगळ्यांत जोरात हसला आणि सगळ्यांत आधी हात पुढे केला. फागीनं त्याला शेवटी बसवलं. मग पांघरूण खांद्यांवरून काढून तिनं रंजनाच्या मांडीवर टाकलं, 'मना आता ह्याचा काम नाय,' म्हणाली, आणि विळ्यानं खोबऱ्याचे तुकडे करायला बसली. रंजनानं ते उलगडलं. त्याला चुलीच्या धुराचा आणि मोहाचा वास लागला होता. एका कोपऱ्याचा काळा दोरा निघाला होता. तिनं ते उन्हाळ्याची पर्वा न करता अंगावर घेतलं आणि सगळ्यांसमोर बसून राहिली.

भोये सर अजून उभेच होते. भाषण अर्धं राहिलं होतं. त्यांनी परत 'आज या ठिकाणी' म्हणायला तोंड उघडलं. फागी तिथल्या तिथे उठली, पहिला आणि सगळ्यांत मोठा तुकडा तिनं त्यांच्या तोंडातच कोंबला.

'खा,' ती म्हणाली. 'तुझा पन सत्कार.'

ते चावत राहिले.